फसलेल्या मैफलीचे गाऱ्हाणे कसे घालावे

कोकणात गाऱ्हाणे घालणारा माणूस मोघम बोलत नाही. आधी ग्रामदेवतेचे नाव, मग स्थळाचे, मग राखणदाराचे, असा ज्याचा मान त्याला देऊन तो कोणाचे काय चुकले आणि कोणाला काय हवे आहे हे एकेक करून सांगतो, आणि भोवतालची मंडळी प्रत्येक मागणीला ‘व्हय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. तिकीट काढून ऐकायला गेलेली मैफल फसली, की आपण हा शहाणपणा घरी ठेवून येतो. ‘पैसे पाण्यात गेले’, ‘आता पूर्वीचा आवाज राहिला नाही’ अशी दोन वाक्ये ओळखीच्या सगळ्यांना पाठवतो आणि झोपी जातो. आयोजकाला त्यातून काही कळत नाही, कलाकारावर बहुधा अन्याय होतो आणि आपले पैसे तर परत येतच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मीही हेच केले होते. कॉलेजात असताना ज्यांच्या कॅसेटी फिरवून फिरवून झिजवल्या, त्या गायकाचा कार्यक्रम आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच, किनाऱ्यालगतच्या एका मैदानावर होणार होता. प्रत्येकी पंधराशे रुपयांची तीन तिकिटे काढून मी, पत्नी आणि भाचा असे तिघे साठ किलोमीटर गाडी हाकून गेलो. जाहिरातीत वेळ साडेसहाची आणि कार्यक्रम तीन तासांचा होता. प्रत्यक्षात गायक मंचावर आले आठ वाजून वीस मिनिटांनी आणि दहाच्या ठोक्याला सगळे बंद झाले. आमच्या रांगेपुढे ऐन वेळी मान्यवरांसाठी खुर्च्यांच्या चार रांगा वाढवल्या गेल्या, शब्द नीट ऐकू येत नव्हते, आणि दोन गाण्यांच्या वेळी गायक खरोखर गात आहेत का, अशी शंका मनात आली ती आली. परतताना गाडीत मी सगळा राग त्या गायकावर काढला. पुढच्या आठवडाभरात शांतपणे मांडामांड केल्यावर लक्षात आले की माझ्या सहा तक्रारींपैकी त्यांच्या पदरात टाकण्यासारखी एकच होती. ती मांडामांड कशी करावी, हे पुढे लिहिले आहे.

त्याच रात्री टिपून ठेवा

निराशेची आठवण फार लवकर नासते. दुसऱ्या दिवशी चार माणसांशी बोलणे झाले, की आपला अनुभव आणि त्यांची मते यांची खिचडी होते. म्हणून घरी पोचल्यावर, शक्य असेल तर परतीच्या वाटेवर चहाला थांबल्यावरच, फोनमध्ये किंवा वहीत केवळ घडलेले लिहून काढावे, मत एकही लिहू नये. दार किती वाजता उघडले, भाषणे आणि सत्कार किती वेळ चालले, पहिले गाणे कधी सुरू झाले, कोणती गाणी झाली, मध्यंतर किती मिनिटांचे होते, आपण मंचापासून अंदाजे किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला बसलो होतो, वारा कुठून येत होता, एवढे पुरे. शाल-श्रीफळाचा वेळ वेगळा नोंदवायला विसरू नये, कारण आपल्याकडे कार्यक्रम उशिरा सुरू होण्यामागे कलाकाराच्या गाडीपेक्षा मान्यवरांची यादी अधिक वेळा असते.

तिकिटाचा आणि जाहिरातीचा फोटो मात्र कार्यक्रमाच्या आधीच काढून ठेवावा. ॲपवरचे वर्णन नंतर बदलता येते, आणि ‘संपूर्ण वाद्यवृंदासह तीन तास’ ही ओळ दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली तर तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

फोनवर केलेल्या चित्रीकरणाबद्दल एक सावधगिरी सांगतो. मोठ्या आवाजात, विशेषतः बेस जोरात असताना, फोनचा छोटा माईक स्वतःच हात टेकतो आणि आवाज फाटलेला मुद्रित होतो, म्हणून ‘हे ऐका किती वाईट साउंड होता’ असे म्हणून पाठवलेली क्लिप ध्वनिव्यवस्थेचा पुरावा होऊ शकत नाही. तिच्यातून वेळ, गाण्याची ओळ, रिकाम्या किंवा वाढवलेल्या खुर्च्या आणि मंचावर कोण होते एवढे सिद्ध होते. त्यासाठी पंधरा-वीस सेकंदांच्या तीन-चार क्लिपा पुरतात. अख्खी गाणी चित्रित करून सगळीकडे टाकू नयेत. त्यात कलाकाराच्या हक्काचा प्रश्न येतोच, शिवाय हात वर करून पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाने ‘मला मैफलीत रमता आले नाही’ अशी तक्रार करावी, हे जरा अवघड दिसते.

आवाज बिघडला म्हणजे नेमके काय बिघडले

बहुतेकांची तक्रार ‘साउंड खराब होता’ या तीन शब्दांत संपते. साउंडवाल्याला किंवा आयोजकाला त्यातून काहीच हाती लागत नाही, म्हणून हा मुद्दा सुटा करून पाहिला पाहिजे.

पहिला प्रश्न असा, की आवाज सगळ्यांनाच तसा येत होता की तुम्हालाच. मंचासमोर, दोन्ही बाजूंच्या स्पीकरांच्या मधोमध, मैदानात थोडे मागे एक छोटा मांडव किंवा टेबल असते आणि तिथे मिक्सर घेऊन साउंडवाले बसतात. तो माणूस आपल्या कानाला जे ऐकू येते त्यानुसार सगळा मेळ घालतो, म्हणून त्याच्या आजूबाजूची जागा ही मैदानातली ऐकण्यासाठी सर्वांत खात्रीची जागा होय. अगदी पुढच्या रांगेत, महागड्या सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानांवर मुख्य स्पीकरांपेक्षा मंचावरच्या ड्रमचा आणि मॉनिटरचा, म्हणजे गायक-वादकांना त्यांचाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरचा, आवाज अधिक येतो. एका टोकाला बसणाऱ्याला एकाच बाजूचा स्पीकर ऐकू येतो. मध्यंतरात उठून दोन मिनिटे मिक्सरपाशी उभे राहावे. तिथे शब्द स्पष्ट ऐकू आले तर दोष तुमच्या जागेचा आहे आणि तक्रार आसनव्यवस्थेची करायची आहे. तिथेही शब्द गिचमिड ऐकू आले तर ती ध्वनिव्यवस्थेची तक्रार झाली. माझ्या बाबतीत भाचा जाऊन ऐकून आला आणि म्हणाला, ‘मामा, तिकडं तर मस्त ऐकू येतंय.’ मला त्याचाही रागच आला होता.

दुसरा प्रश्न अंतराचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे मंचापासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला गायकाचे ओठ आधी हललेले दिसतात आणि सूर सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उशिरा पोचतो. मोठ्या पडद्यावर चेहरा जवळून दिसत असेल तर ही तफावत अधिकच जाणवते आणि पाहणारा लगेच ‘हे तर नुसते ओठ हलवत आहेत’ असा निकाल देतो. मागच्या प्रेक्षकांसाठी मैदानात वेगळे स्पीकर लावले असतील तर त्यांचा आवाज तेवढ्याच फरकाने उशिरा सोडावा लागतो. तो हिशोब चुकला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. असा दुहेरी आवाज ऐकू आला असेल तर तो याच शब्दांत लिहावा. चूक कुठे झाली ते साउंडवाल्याला तत्काळ कळेल.

तिसरा प्रश्न आपल्या किनाऱ्याचा खास आहे, आणि मुंबई-पुण्याच्या आयोजकांना तो बहुधा सुचत नाही. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्र चढली की जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुरू होतात, हे आपण शाळेत शिकलो. आवाज वाऱ्याच्या दिशेने जातो तेव्हा तो जमिनीकडे वळतो आणि लांबवर ऐकू येतो. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना तो वर उचलला जातो आणि मागच्या रांगांच्या डोक्यावरून निघून जातो. फोटोत समुद्र यावा म्हणून मंच पाण्याकडे पाठ करून उभारला, तर संध्याकाळी पाच वाजता घेतलेल्या साउंड चेकला सगळे उत्तम वाटते, कारण तेव्हा खारा वारा आवाजाला पाठीमागून हात देत असतो. सूर्य बुडाल्यावर वारा पडतो, पुढे उलटतो आणि मागच्या प्रेक्षकांना गाणे येते-जाते असे ऐकू येऊ लागते. ‘मधूनच आवाज जात होता’ अशी तक्रार असेल तर त्या वेळी वारा तोंडावर होता की पाठीवर, हे आठवून लिहावे. तोंडावर मंचाकडून येणारा वारा असूनही आवाज जात असेल तर वायरी आणि माईक तपासायला सांगण्यात अर्थ आहे.

वाद्यांचेही तसेच. दमट हवेत आणि उघड्यावरच्या दंवात तबल्याची पुडी ओल धरते, सैल पडते आणि सूर उतरतो. हार्मोनियमचा सूर काही मंचावर हलवता येत नाही, म्हणून दर दोन गाण्यांनंतर तबलजी हातोडी घेऊन बसतो. शेजारचा माणूस ‘टाइमपास चाललाय’ म्हणत असला, तरी ती दोन-तीन मिनिटे वेळकाढूपणाची नसतात. थंडीतल्या खुल्या मैफलीत ती गृहीतच धरावीत. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या प्रांगणातल्या रात्रीच्या मैफली ऐकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

कलाकाराच्या पदरात काय घालावे

इथे चाहत्याची खरी परीक्षा आहे, कारण ज्याच्यावर प्रेम असते त्याच्यावर राग काढणे फार सोपे असते.

पट्टी उतरवली ही तक्रार करू नये. पंचवीस वर्षांपूर्वी काळी दोनमध्ये ध्वनिमुद्रित केलेले गाणे आज काळी एकमध्ये गायले तर गायकाने आपल्या वयाचा मान राखून सूर सांभाळला आहे, फसवणूक केलेली नाही. ताना कमी घेतल्या, वरचा सूर श्रोत्यांकडून म्हणवून घेतला, हेही मला क्षम्य वाटते, मात्र प्रत्येक गाण्यात निम्म्या ओळी श्रोत्यांनाच म्हणायला लावल्या तर तसे स्पष्ट लिहावे.

बेसूर गाण्याबद्दल लिहिण्याआधी गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत होता का, हे पाहावे. मंचावर गायकाकडे तोंड करून ठेवलेले मॉनिटर किंवा कानातले छोटे ईअरफोन यांच्याविना मोठ्या गर्दीत गाणे म्हणजे डोळे बांधून होडी वल्हवणे होय. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे बीटल्स गायले, तेव्हा किंचाळणाऱ्या गर्दीत त्यांना आपलेच गाणे ऐकू येत नव्हते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जाहीर दौरे कायमचे थांबवले. आपल्या गायकाने वारंवार साउंडवाल्याकडे पाहून बोट वर केले असेल, कानावर हात ठेवला असेल, गाताना दोनदा थांबून काही सांगितले असेल, तर ते मॉनिटरसाठी चालले होते. अशा वेळी बेसूरपणाचे गाऱ्हाणे त्याच्या नावाने घालू नये.

आता ध्वनिमुद्रित आवाजाबद्दल. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकत्र करतो. व्हायोलिनचा ताफा, कोरस, काही तालवाद्ये हे सगळे आधी मुद्रित करून त्यावर प्रत्यक्ष गाणे, याला ट्रॅकवर गाणे म्हणतात. तीस वादकांना मुंबईहून कोकणात आणणे परवडत नाही म्हणून हा प्रकार सर्रास चालतो. जाहिरातीत ‘संपूर्ण वाद्यवृंद’ असे छापले नसेल तर त्यात गैर काही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःचाच मुद्रित आवाज लावून ओठ हलवणे. ती ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. माईक तोंडापासून हातभर दूर गेला तरी आवाज तेवढाच राहतो. नाचताना किंवा मंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावताना श्वास मुळीच ऐकू येत नाही. गाणे संपून ‘नमस्कार रत्नागिरी’ म्हणताच आवाजाचा पोत एकदम बदलतो. मूळ ध्वनिमुद्रणातल्या मुरक्या आणि थांबे जागच्या जागी, तंतोतंत तसेच येतात. यांपैकी एकाच खुणेवर निष्कर्ष काढू नये. निदान तीन जुळल्या आणि अंतरामुळे पडणारा फरक वजा केला, तरच लिहावे, आणि तेही ‘त्यांनी फसवले’ असे नव्हे, तर ‘अमुक दोन गाण्यांत माईक दूर नेल्यावरही आवाज बदलला नाही’ असे, जे पाहिले तेवढेच. माझ्या सहांपैकी गायकाकडे गेलेली तक्रार हीच.

अवांतर सांगतो, सिंधुदुर्गातल्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, एका बुवांचा आवाज लागला नाही तर समोरचा बुवा पुढच्याच गजरात त्यांची फिरकी घेतो आणि श्रोते हसून मोकळे होतात. तिकिटाच्या मैफलीत ही सोय नाही. तिथे सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात आणि गाडीत बसल्यावर बोलू लागतात.

दहाचा ठोका

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्या जागेवर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. बंदिस्त सभागृहांना, आतल्या आत आवाज ठेवण्याच्या अटीवर, ही मनाई नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. रात्रभर दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला दहाला मैफल बंद होणे जिव्हारी लागते, हे मी समजू शकतो, तरी त्यासाठी बंदोबस्तावरच्या पोलिसाशी वाद घालण्यात हशील नाही. साडेसहाचा कार्यक्रम आठ वीसला सुरू झाला तर गेलेला वेळ शेवटी जोडून मिळणार नाही, हे आयोजकाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असते. म्हणून ‘दहा वाजता बंद केले’ ही तक्रार लिहू नये. ‘तीन तासांचा कार्यक्रम जाहीर करून शंभर मिनिटेच गायन झाले, कारण सुरुवात एक तास पन्नास मिनिटे उशिरा झाली’ ही तक्रार लिहावी. तिकीट काढण्यापूर्वीच विचारून ठेवावे, की जागा उघडी आहे की बंदिस्त, आणि उघडी असल्यास त्या दिवशी वेळ वाढवून मिळाली आहे का. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात किंवा मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात कार्यक्रम असेल तर वाऱ्याची आणि दंवाची चिंताही आपोआप मिटते.

पत्र

आता हाती तीन याद्या आल्या आहेत. वारा, दंव आणि दहाचा नियम यांची यादी बाजूला ठेवावी, ती वाचायला कोणी नाही. कलाकाराची यादी नंतर लिहायच्या वृत्तांतासाठी राखून ठेवावी. उरते ती आयोजकाची, आणि पत्र तिचेच लिहायचे आहे.

गाणे आवडले नाही म्हणून पैसे परत मागता येत नाहीत. जे देण्याचे कबूल केले होते ते दिले नाही, म्हणून मागता येतात. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत मनोरंजनाचा उल्लेख आहे, त्यामुळे ठरलेली जागा न देणे, जाहीर केलेला कलाकार न येणे, कार्यक्रम निम्म्यावर गुंडाळणे या गोष्टी सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येतात. फुकट पासवर गेलेल्यांना हा मार्ग नाही, कारण मोबदला दिल्याशिवाय माणूस कायद्याने ग्राहक होत नाही. (आमच्याकडच्या कार्यक्रमांत निम्मे मैदान पासवर भरलेले असते आणि सर्वांत मोठ्याने तक्रारही तेच करतात.)

पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे. मी लिहिलेल्या पत्राचा गाभा असा होता: ‘अमुक तारखेच्या कार्यक्रमाची तीन तिकिटे मी प्रत्येकी १,५०० रुपयांस घेतली. जाहिरातीनुसार आमची रांग मंचापासून सातवी होती. प्रत्यक्षात पुढे चार रांगा वाढवल्याने ती अकरावी झाली, आणि त्या जागेचा दर आपल्याच तक्त्यानुसार १,००० रुपये आहे. कार्यक्रम साडेसहाऐवजी आठ वाजून वीस मिनिटांनी सुरू झाला व दहा वाजता संपला. सोबत तिकिटांचे, जाहिरातीचे व आसनव्यवस्थेचे फोटो जोडले आहेत. दरातील फरक परत करावा आणि उशिराबद्दल खुलासा करावा, ही विनंती. पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.’ यात एकही विशेषण नाही. रागाची विशेषणे घातली की वाचणारा त्यांनाच उत्तर देत बसतो आणि आकडे सुटतात. मागणीही आवाक्यातली असावी. तीन तिकिटांचे सगळे पैसे, पेट्रोल आणि मनस्ताप असे सगळे मागितले की समोरचा गप्प बसतो.

ई-मेल आयोजकाला आणि तिकीट विकणाऱ्या ॲपला एकाच वेळी पाठवावा, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, वकील नेण्याची सक्ती नाही, आणि कार्यक्रम मुंबईत झाला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. राजापूरच्या माणसाने मुंबईतल्या मैफलीसाठी मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही. मात्र तिकिटामागे पाचशे रुपयांच्या फरकासाठी तारखांना जायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी हेल्पलाइनच्या पुढे गेलो नसतो.

कलाकाराबद्दलचा वृत्तांत पत्र पाठवल्यानंतर, आठवडाभराने लिहावा. आधी आवडलेले लिहावे, आणि ते खरोखर आठवून लिहावे. माझ्या टिपणात, रागाच्या भरात लिहिलेले असूनही, ‘चौथे गाणे, फक्त तानपुरा आणि आवाज, मैदान चिडीचूप’ अशी एक ओळ होती. ती मी विसरूनही गेलो होतो.

आयोजकांचे उत्तर अकराव्या दिवशी आले. तीन खुर्च्यांच्या दरातला फरक, म्हणजे दीड हजार रुपये, खात्यात जमा झाला, उशिराबद्दल दिलगिरीची दोन वाक्ये मिळाली, आणि पुढच्या वेळी सत्कार मध्यंतरात घेऊ असेही त्यांनी लिहिले होते. त्या दोन गाण्यांबद्दल मी त्यांना काही विचारले नव्हते, त्यांनीही काही लिहिले नाही. वृत्तांतात ती दोन गाणी चौथ्या गाण्याच्या लगेच खाली आहेत.